गिळलेलं पहिलं अक्षर

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय हेमलता,

पाकिटावरचं अक्षर पाहून म्हणाली असशील, या बळवंताला झालंय तरी काय? तू लेकीकडे गुरुग्रामला, इथून मेट्रोने तासाभरावर, खिशात फोन, आणि हा गृहस्थ कागदावर पत्र लिहून कुरिअरने पाठवतोय. खरं सांगतो, सोमवारपासून तीनदा फोन हातात घेतला. एकदा तर रिंगही गेली, पण तू उचलायच्या आत मीच कापला. फोनवर तू मधेच काहीतरी चांगलं बोलशील, 'अरे जाऊ दे' म्हणशील, आणि मी जाऊ देईन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्रात मधे बोलायला कुणी नसतं, म्हणून हा कागद.

आधी आनंदाचं. तू आजी झालीस. सोमवारी संध्याकाळी नचिकेत पेढे आणि बारशाचं आमंत्रण घेऊन आला होता. जावई चांगला मिळालाय हं तुला. ऑफिसातून थेट आला होता, गळ्यात ते पट्टीचं ओळखपत्र तसंच. अरुणाने चिवडा पुढे ठेवला तो सगळा संपवला, पोरीचे फोटो दाखवले. नाक रेवतीचं आहे, कपाळ मात्र तुझं, तेच रुंद, कुणाचं न ऐकणारं. अरुणाने फोटो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला. मग नचिकेत कप खाली ठेवत म्हणाला, "काका, एक विचारू? आई बाळाला घेतच नाहीत. बिल्कुल नाही. दुरून बघतात, हसतात, पण हात लावत नाहीत. रेवतीला फार लागतं ते." तो सांगत राहिला. बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीला जापावाली बाई ठेवली आहे, ती पोरीला पायांवर घेऊन तेल लावते आणि आई दारात उभ्या राहून सांगतात, मान सांभाळ, कानात पाणी जाऊ देऊ नकोस. रेवतीचं पहिलं बाळंतपण सांगलीला, माहेरी व्हायचं, ते तू नको म्हणालीस. तिकडे चांगलं हॉस्पिटल नाही असं कारण दिलंस. सांगलीत हॉस्पिटल नाही म्हणे! तुझ्या शंकररावांनीही ते कसं ऐकून घेतलं कोण जाणे. नचिकेतने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी शेवटी लिहितो. आधी लिहिली तर बाकीचं लिहिण्याचं धैर्य राहणार नाही.

तुझे हात मी पहिल्यांदा पाहिले ते नोकरीच्या पहिल्या दिवशी. एकाच दिवशी रुजू झालो आपण, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर. टंकलेखनाची चाचणी होती आणि तू कागद बदलायलासुद्धा थांबत नव्हतीस. मी दोन बोटांचा धनी. तू म्हणालीस, बळवंता, तुम्ही टाईप करता की किडे मारता? आठवड्याभरात त्या 'तुम्ही'चं 'तू' झालं, तो 'बळवंता' मात्र पुढची बत्तीस वर्षं तसाच राहिला. नंतर हिवाळ्यात लंच टाईमला ऑफिसच्या हिरवळीवर उन्हात बसून त्या पंजाबी बायकांकडून तू विणणं शिकलीस आणि दोन वर्षांत त्यांनाच नमुने सांगायला लागलीस. बोलताना सुयांकडे पाहायचीसुद्धा नाहीस. सर्व्हर रूमच्या थंडीत मी वीस वर्षं घातलेला तो राखाडी स्वेटर तूच विणलेला. अजून घालतो. कोपरं विरली आहेत. आणि मग एक दिवस तू सुया, लोकर, सगळं पिशवीसकट अरुणाला देऊन टाकलंस. अरुणा म्हणाली, अगं राहू देत, नातवंडांना लागेल. तू हसून म्हणालीस, आता माझ्या हातून सरळ ओळ यायची नाही.

तुला भीती वडिलांच्या, आप्पांच्या, दुखण्याची होती, हे मला माहीत होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? आप्पांचा कंपवात आपल्या त्या जुन्या क्वार्टरांच्या रांगेत सगळ्यांनी पाहिला. (ती रांग आता पाडली. तुझ्या ओट्यावरचं पेरूचं झाडही गेलं. तिथे मोठे टॉवर उभे राहतायत.) आधी फक्त अंगठा हलायचा, मग चहाची बशी वाजायला लागली, मग तू सहा वर्षं त्यांचा पेला धरलास. एकदा दाढी करताना ते रडले होते आणि तू मला हाक मारली होतीस. मी दाढी पुरी केली. त्या दिवशी जिन्यात तू म्हणालीस, मला मरणाची भीती नाही रे, माझे हात असे झाले तर मात्र मी काय करू? ते वाक्य मी ऐकलेलं होतं, हेमलता. पुढे जे झालं ते हे वाक्य ऐकलेल्या माणसाने केलं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

आता तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा लिहितो, कारण हे पत्र रेवतीनेही वाचावं आणि तिला कळावं अशी माझी इच्छा आहे. खात्यातल्या शिष्यवृत्तीच्या सगळ्या अर्जांची नोंद ज्या सर्व्हरवर असायची, त्याला आपण तिजोरी म्हणायचो. तो सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पासवर्ड मागायचा, आणि तो त्याच खोलीत, त्याच रॅकवरच्या कीबोर्डवरून द्यावा लागायचा, बाहेरून नाही. पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असू नये म्हणून त्याचे दोन तुकडे. पहिला माझा, दुसरा तुझा. आधी मी टाईप करायचं, तेव्हा तू जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीमागे भिंतीकडे तोंड करून उभी. मग मी मागे जाऊन भिंतीकडे तोंड करायचं आणि तू पुढे. पडद्यावर अक्षर दिसायचं नाही, साधा ठिपकाही नाही. तीनदा चुकलं की तिजोरी अडकली. मग हैदराबादच्या ऑफिसातून मोहरबंद पाकीट घेऊन माणूस येईपर्यंत सगळं ठप्प. दहा वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं, आणि ते तुझ्या शिस्तीमुळे. तुझं ते निळं रजिस्टर! कुरबुरींचं रजिस्टर. पंखा कुरकुरला, दिवा एकदा जास्त लुकलुकला, काहीही असो, वेळ घालून सही करून लिहायचंच. मी चेष्टा करायचो की तू सुई पडल्याचीही नोंद ठेवशील. तू म्हणायचीस, मोठं दुखणं आधी लहान तोंडानेच बोलतं.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात ऊर्जा बचतीचा पंधरवडा झाला, आठवतो? प्रत्येक विभागाने वीज किती वाचवली ते दाखवायचं होतं. तू दहा दिवस रेवतीच्या लग्नाच्या खरेदीसाठी करोल बागच्या फेऱ्या मारत होतीस, रजेवर. मला हुक्की आली. वरांड्यातले दिवे कुणीही बंद करतं, आपण काहीतरी तांत्रिक करून दाखवू, म्हणून मी सगळ्या सर्व्हरवर एक सेटिंग बदललं. काही सेकंद वापर नसला की यूएसबीला लावलेलं उपकरण झोपी जाईल, असं. त्याने किती वीज वाचली असेल? एखाद्या देव्हाऱ्यातल्या दिव्याइतकी. पण तक्त्यात ओळ भरली, साहेब खूश झाले, आणि मला प्रशस्तिपत्र आणि एक स्टीलचा फ्लास्क मिळाला. तू परत आल्यावर त्याच फ्लास्कमधून तुला चहा पाजला. सेटिंग बदलल्याचं सांगायचं मात्र राहून गेलं. तेव्हा खरंच राहून गेलं, एवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवतो. यापुढे माझ्या बाजूचं काही नाही.

जानेवारीत मी एक दिवस तिजोरीच्या कीबोर्डवर काम करत होतो. थोडा थांबलो आणि पुन्हा टाईप करायला लागलो की पहिलं अक्षर उमटतच नव्हतं. कीबोर्ड झोपलेला, पहिल्या दाबाने तो जागा व्हायचा आणि ते अक्षर गिळून टाकायचा. दुसऱ्यापासून सगळं ठीक. मला दोन मिनिटांत कळलं की हे माझ्याच सेटिंगचं पाप. तेव्हाच उलटं फिरवायला हवं होतं. पण प्रशस्तिपत्र भिंतीवर लागून पंधरा दिवस झाले होते, आणि निळ्या रजिस्टरात लिहायचं म्हणजे तू वाचणार, हसणार, साहेबांपर्यंत जाणार. मी स्वतःपुरती तोड काढली. टाईप करण्याआधी शिफ्टचं बटण दोनदा दाबायचं. त्याने अक्षर उमटत नाही, कीबोर्ड मात्र जागा होतो. आठवड्याभरात ती माझ्या बोटांची सवयच झाली. रजिस्टरात मी काही लिहिलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारचं तुला काय सांगू. अर्जांची शेवटची तारीख, आणि आदल्या दिवशी विजेच्या कामासाठी तिजोरी बंद केलेली. सकाळी दहाला आपण दोघं खोलीत गेलो. साहेब दारात उभे होते, आणि तेव्हा नवीनच आलेला केतन. मी शिफ्ट दोनदा दाबलं, माझा तुकडा टाईप केला, मागे जाऊन भिंतीकडे तोंड केलं. तू पुढे झालीस, पदर खोचलास, बोटं एकमेकांवर चोळलीस, कारण खोलीत कडाक्याची थंडी. त्या पाच-सात सेकंदांत कीबोर्ड पुन्हा झोपला. तू तुझा तुकडा अचूक टाईप केलास, मी तुझ्या बोटांचा आवाज ओळखतो, त्यात अडखळ नव्हती. पासवर्ड चूक आला. तू लगेच म्हणालीस, माझंच बोट सटकलं असेल. दुसऱ्यांदाही तेच झालं. आणि दुसऱ्यांदा चूक आल्याची ती पिपाणी वाजली तेव्हा, भिंतीकडे तोंड करून उभा असताना, मला कळलं. शंका आली असं मी स्वतःला नंतर इतकी वर्षं सांगत आलो. शंका नव्हती, कळलंच होतं. मी वळलो. तुला सांगणार होतो की आधी शिफ्ट दाब. एवढे तीन शब्द. पण त्याच क्षणी साहेब म्हणाले, "मैडम, आराम से कीजिए, आपके तो हाथ काँप रहे हैं." सगळ्यांनी तुझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. हात कापत होते खरे. अठरा अंशांच्या खोलीत, दोनदा चुकल्यावर, कुणाचे कापले नसते? पण तू तुझ्या हातांकडे असं पाहिलंस, जसं आप्पांच्या बशीकडे पाहायचीस. आणि मी तोंड मिटलं. आता सांगितलं तर हे तुला आधी माहीत होतं का, असं विचारतील, हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. आपण तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तिजोरी अडकली.

मुलांचं नुकसान झालं नाही. मुदत दोन दिवस वाढवली. पण वर्तमानपत्रात चौकट आली आणि वरून जाब विचारला गेला, म्हणजे कुणाचं तरी नाव लागणं आलं. चौकशीसाठी मला बोलावलं तेव्हा त्या अधिकाऱ्याने सरळ विचारलं, "कीबोर्ड में कोई दिक्कत थी?" मी म्हणालो, "नहीं सर. मेरा हिस्सा तो तीनों बार ठीक गया." दुसरं वाक्य शब्दशः खरं होतं, त्याच्या आडोशाला मी पहिलं लपवलं. माझ्यानंतर तू आत गेलीस आणि आपणहून सांगितलंस की चूक माझीच असणार, माझ्या वडिलांना असा आजार होता, कदाचित मलाही सुरू झाला असेल. कुणी विचारलं नसताना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना आयतं कारण मिळालं. तुझ्या सेवापुस्तकात शेरा आला, तुला टपाल विभागात बसवलं, आणि तुझी खुर्ची मला दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण लहानपणी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. चोर पुढे संन्याशाच्या खुर्चीत बसतो, हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

शंकररावांची तेव्हा भोपाळला बदली होती, म्हणून डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर मी आलो. ऑटोत तू सगळा वेळ दोन्ही हात शालीत गुंडाळून बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, आज तरी काही लक्षण दिसत नाही, सहा महिन्यांनी दाखवा. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. तू बाहेर येऊन म्हणालीस, 'आज तरी' म्हणाले, ऐकलंस ना? बळवंता, माणूस धीर द्यायला काहीही बोलतो, मशीन कशाला खोटं बोलेल? तिथे बाकावर तू औषधाच्या दुकानाकडे पाहत बसली होतीस आणि मी तुझ्या शेजारी होतो. हेमलता, मशीनला तुझं पहिलं अक्षर पोचलंच नव्हतं, त्याने न पोचलेल्याची चूक धरली. हे मी तिथे सांगू शकलो असतो. मी तुला नारळपाणी आणून दिलं.

सप्टेंबरात तू स्वेच्छानिवृत्ती घेतलीस. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, आणि भाषण माझंच. तू समोर हात मांडीखाली घालून बसली होतीस. त्यानंतरच्या रविवारी मी एकटा ऑफिसात गेलो आणि तिजोरीच्या कीबोर्डवर एक कोरी फाईल उघडली. इंग्रजीत तुझं नाव टाईप केलं, थांबलो, दहा मोजले, पुन्हा टाईप केलं. अकरा वेळा. अकराही वेळा एच गायब, नाव ई पासून सुरू. मग ते सेटिंग काढून टाकलं आणि पुन्हा अकरा वेळा तेच केलं. अकराही वेळा पूर्ण नाव आलं. आपण इतर सर्व्हरवर केबल बदलून, दुसऱ्या जागी लावून, दुसरा कीबोर्ड आणून किती दुखणी शोधली होती! आपली पद्धतच होती ती, तूच शिकवलेली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. मी बदललं. लिहून ठेवलं नाही. फाईल पुसली आणि घरी येऊन अरुणाला म्हणालो, डोकं दुखतंय.

त्यानंतर तीन वर्षं तिजोरी प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात उघडली. तुझ्या जागी केतन असायचा. साहेब म्हणायचे, "देखा, मैडम के जाने के बाद एक बार भी प्रॉब्लम नहीं." मी मान डोलवायचो. एकदा केतननेही तेच म्हटलं, तेव्हा मी त्याच्यावर कारण नसताना ओरडलो. त्याला वाटलं, काकांची मैत्रीण म्हणून लागलं. तू सांगलीहून दर दिवाळीला फोन करायचीस, अरुणाशी अर्धा तास बोलायचीस, मग माझ्याशी दोन मिनिटं, आणि दरवेळी विचारायचीस, तिजोरी बरी आहे ना रे? मी म्हणायचो, बरी आहे. मला वाटायचं, झालं ते झालं, ती सांगलीत सुखात आहे, नवरा घरी आलाय, निवृत्तिवेतन मिळतंय. मी तुझं फक्त नाव हिरावून घेतलं असं धरून चाललो होतो. तुझे हातही घेतले आहेत हे मला परवा नचिकेत बोलला तेव्हा समजलं. खोटं कशाला बोलू, समजत होतं, पण समजून घ्यायचं नव्हतं.

काल मी रजा टाकली नाही, ऑफिसात गेलो. साहेबांना लेखी निवेदन दिलं, त्यात डिसेंबर, जानेवारी आणि तो सोमवार, सगळं तारखेवार लिहिलं आणि तुझ्या सेवापुस्तकातला शेरा काढावा अशी विनंती केली. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "बलवंत जी, दो महीने बचे हैं आपके. सोच लिया है?" मी म्हणालो, तीन साल नौ महीने से सोच ही रहा हूँ. मग त्यांच्यासमोर केतनकडून ते सेटिंग एका रिकाम्या सर्व्हरवर चालू करवलं. त्याने टाईप केलं, थांबला, पुन्हा टाईप केलं. पहिलं अक्षर गेलं. केतन माझ्याकडे पाहत राहिला. चौकशी होईल, माझी निवृत्ती लांबेल किंवा त्यात काही अडकेल, ते माझं मी पाहीन. तुला त्याची दया येता कामा नये. तुझं निळं रजिस्टर केतनच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होतं. ते पुसलं, शेवटच्या पानावर नोंद केली आणि सही केली. निवेदनाची आणि त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. तुला कागदावरच विश्वास बसतो म्हणून.

आता नचिकेतची ती उरलेली गोष्ट. जाताना तो अरुणाला म्हणाला की रविवारी बारशाला पाळण्याच्या एका बाजूला रेवतीच्या सासूबाई उभ्या राहतील, आणि दुसऱ्या बाजूला आईंच्या जागी अरुणाकाकूंनी उभं राहावं असा तुझा निरोप आहे. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या वरून-खालून बाळ या हातातून त्या हातात जातं, तेव्हा मधे आपले हात नकोत, भरवशाचे नाहीत, असं तू म्हणालीस. अरुणा इतकी आनंदली की तिने त्याच रात्री हिरवी पैठणी बाहेर काढून दांडीवर टांगली. दोन दिवस मी त्या पैठणीसमोरून जा-ये केली. आज सकाळी तिला सगळं सांगितलं. तिने पैठणी घडी घालून कपाटात ठेवली आणि माळ्यावरून तुझी ती लोकरीची पिशवी काढली. रविवारी ती पिशवी घेऊन ती एकटी येईल. मी येणार नाही, मला बोलावूही नकोस. माफ कर असं म्हणण्याची ही जागा नाही आणि तेवढं माझं तोंडही नाही. हे पत्र माझ्यासाठी लिहिलेलं नाही. रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून लिहिलं. तुझ्या हातांना काही झालेलं नव्हतं, हेमलता. तेव्हाही नाही, आजही नाही. उद्या सकाळी त्या बाईला म्हण, तू आज बाजूला बस, आणि पाय लांब करून पोरीला पायांवर घे. पाणी आधी कोपराने बघ. ती रडेल, रडू दे.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क मी घालवला आहे, तरी दुसरं काय लिहू ते सुचत नाही,
बळवंत